बिट डेप्थ वाढवूनही खरखर परत येते, तेव्हा दोष नेमका कोठे शोधावा

संगणकावर संगीत ऐकताना संथ भाग आला, एखाद्या तारवाद्याचा शेवटचा स्वर विरत चालला, की त्याच्या पाठोपाठ बारीक खरखर ऐकू येते. कोणीतरी ध्वनीच्या सेटिंगमध्ये १६ बिटांच्या जागी २४ बिट निवडण्याचा सल्ला देते. तसे केल्यावर काही दिवस बरे वाटते आणि मग तीच खरखर पुन्हा जाणवू लागते. ही तक्रार वारंवार उद्भवण्याचे मुख्य कारण असे की, बिट डेप्थचा परिणाम ज्या एका गोष्टीवर होतो ती सोडून इतर सर्व दोषांसाठीही तिलाच जबाबदार धरले जाते. म्हणून येथे आधी ती एक गोष्ट कोणती हे स्पष्ट करतो आणि मग खरखर कोणत्या प्रकारची आहे हे कानाने ओळखून तिचा उगम शोधण्याची रीत सांगतो.

डिजिटल ध्वनीत ध्वनिलहरीची उंची दर सेकंदाला हजारो वेळा मोजली जाते, सीडीसाठी ४४,१०० वेळा, आणि मोजलेली उंची किती पायऱ्यांपैकी एकीवर बसवायची हे बिट डेप्थ ठरवते. ८ बिटांत अशा २५६ पायऱ्या असतात, १६ बिटांत ६५,५३६ आणि २४ बिटांत १,६७,७७,२१६. खरी उंची दोन पायऱ्यांच्या मध्ये आली तर ती जवळच्या पायरीवर नेऊन ठेवावी लागते आणि त्यात जी चूक राहते ती आपल्याला गोंगाट म्हणून ऐकू येते. एक बिट वाढला की हा गोंगाट सुमारे ६ डेसिबलने खाली जातो. पूर्ण पातळीच्या साइन लहरीशी तुलना केली तर हा गोंगाट ८ बिटांत सुमारे ५० डेसिबल, १६ बिटांत ९८ डेसिबल आणि २४ बिटांत १४६ डेसिबल खाली असतो. बिट डेप्थचे काम येथेच संपते. ती वाढवल्याने तार स्वर अधिक स्वच्छ होत नाहीत, खर्ज भरदार होत नाही आणि वाद्ये एकमेकांपासून अधिक सुटी ऐकू येत नाहीत. अनेक चित्रांत डिजिटल लहर जिन्यासारखी काढलेली असते आणि बिट वाढले की जिना गुळगुळीत होत जातो असे दाखवले जाते. परंतु डॅकच्या, म्हणजे आकड्यांचे विद्युत्‌लहरीत रूपांतर करणाऱ्या चिपच्या, अखेरीस असलेल्या फिल्टरमधून बाहेर येणारी लहर मुळातच सलग असते. त्या चित्रामुळे जितका गैरसमज पसरला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशामुळे पसरला असेल.

बिट वाढवणे म्हणजे आवाज सुधारणे, ही समजूत मात्र निराधार नाही. तिला इतिहास आहे. १९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्यासाठी प्रोग्रॅमर मंडळी आवाजाची पातळी ठरवणाऱ्या ४ बिटांच्या रजिस्टरचाच उपयोग करून घेत, म्हणजे त्यांना अवघ्या १६ पायऱ्या मिळत. १९८५ च्या अमिगा संगणकातील पॉला चिपमध्ये ८ बिटांचे चार मार्ग होते आणि १९८९ चे पहिले साउंड ब्लास्टर कार्डही ८ बिटांचेच होते. त्यामुळे १९९२ मध्ये साउंड ब्लास्टर १६ आले आणि सीडीच्या तोडीचे १६ बिट व ४४.१ किलोहर्ट्झ घरच्या संगणकावर मिळू लागले, तेव्हा झालेला फरक कोणालाही ऐकू येण्याजोगा होता. तरीही त्या काळच्या अनेक कार्डांचा प्रत्यक्ष गोंगाट १६ बिटांच्या सैद्धांतिक मर्यादेच्या बराच वर असे, कारण संगणकाच्या पेटीतील इतर मंडलांचा उपद्रव कार्डाच्या ॲनालॉग, म्हणजे आकड्यांऐवजी सलग लहर हाताळणाऱ्या, भागात शिरत असे. खोक्यावरील आकडा आणि कानापर्यंत पोहोचणारा आवाज यांतील हे अंतर आजही मिटलेले नाही.

२४ बिटांच्या बाबतीत तर ते अंतर भौतिकशास्त्रानेच ठरवून दिलेले आहे. एखाद्या डॅकची पूर्ण पातळी २ व्होल्ट आरएमएस (लहरीचे परिणामी सरासरी मूल्य) धरली, तर २४ बिटांतील एक पायरी सुमारे ०.३४ मायक्रोव्होल्टची होते. सामान्य तापमानाला १ किलोओहमचा साधा रोधक २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे ०.५७ मायक्रोव्होल्टचा औष्णिक गोंगाट स्वतःच निर्माण करतो. म्हणजे शेवटची पायरी एका रोधकाच्या गोंगाटातच बुडालेली असते, आणि म्हणूनच उत्तमातल्या उत्तम डॅकमधूनही प्रत्यक्षात २० ते २१ बिटांइतकीच स्वच्छता मिळते. मदरबोर्डवरील नेहमीच्या ध्वनिचिपच्या बाबतीत ही मर्यादा त्याहूनही बरीच अलीकडे येते.

आता निदानाकडे वळू. गाणे थांबवावे, ॲम्प्लिफायर किंवा हेडफोन चालू ठेवावा आणि संगणकावरील आवाजाची पट्टी वरखाली करून पाहावी. काहीही वाजत नसताना सुसाट (एकसारखा ‘स्स्स’ असा आवाज) येते आणि पट्टी हलवली तरी त्यात बदल होत नाही, असे असेल तर तो दोष बिटांचा नाही; तो डॅकनंतरच्या ॲनालॉग भागातला आहे. माउस हलवताना किंवा ग्राफिक्स कार्डावर ताण येताना बारीक शिट्टीसारखा किंवा करकरणारा आवाज बदलत असेल, तर संगणकातील विद्युत्‌प्रवाहाचे चढउतार ध्वनिमंडलात शिरत आहेत असे समजावे. अशा वेळी पेटीच्या पुढच्या बाजूचा जॅक सोडून मागच्या बाजूचा वापरून पाहावा, कारण पुढच्या जॅककडे जाणारी तार पेटीच्या आतून, बहुधा पुरेशा आवरणाविना, गेलेली असते. सतत खालच्या पट्टीतली घूं ऐकू येत असेल आणि ॲम्प्लिफायर व संगणक वेगवेगळ्या सॉकेटवर असतील, तर दोन ठिकाणच्या अर्थिंगमधून वर्तुळ तयार झाल्याचा संशय घ्यावा. दोन्ही उपकरणे एकाच विस्तारपट्टीवर लावून पाहावीत. तरीही घूं गेली नाही तर ऑप्टिकल तार वापरावी, म्हणजे दोन्ही उपकरणांमध्ये विजेचा संबंधच उरत नाही. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो जिवावर बेतणारा आहे आणि कोणत्याही परिस्थितीत पाळू नये.

खरखर फक्त मोठ्या आवाजाच्या भागात येत असेल, तर ते क्लिपिंग आहे, म्हणजे लहरीचे शेंडे कापले जात आहेत. संगणकाच्या आत बहुतेक गणिते ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे तरत्या दशांशचिन्हाच्या आकड्यांत, होतात आणि तेथे लहर पूर्ण पातळीच्या वर गेली तरी बिघडत नाही. बिघडते ती शेवटी पूर्णांकात रूपांतर होताना, कारण तेथे शून्य डेसिबलच्या, म्हणजे पूर्ण पातळीच्या, वर जागाच नसते. इक्वलायझरमध्ये खर्ज ६ डेसिबलने वाढवला असेल तर मुख्य पातळी निदान तेवढीच खाली आणावी. विंडोजमधील ऑडिओ एन्हान्समेंट नावाच्या सुधारणा आणि साउंड कार्डासोबत आलेले परिणाम-प्रोग्रॅम बंद करून ऐकणे ही या प्रकारातली पहिली पायरी असावी.

मध्येच टकटक, फटफट किंवा क्षणभराची खंडितता येत असेल, तर ध्वनीची माहिती वेळेवर पोहोचत नाही एवढाच त्याचा अर्थ. वाय-फाय, ग्राफिक्स किंवा वीजबचतीशी संबंधित एखादा ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतो आणि तेवढ्यात ध्वनीचा बफर (पुढच्या क्षणांसाठी साठवलेली माहिती) रिकामा होतो. बफर वाढवणे, ड्रायव्हर अद्ययावत करणे आणि लेटन्सीमॉनसारख्या साधनाने कोणता ड्रायव्हर वेळ खातो ते पाहणे, हे उपाय करावेत. गाणे सुरू होताना एकदाच टक् असा आवाज येत असेल, तर बहुधा ध्वनिचिप वीज वाचवण्यासाठी झोपेतून उठत असते.

ब्लूटूथ हेडफोनवर संपूर्ण आवाजच अचानक टेलिफोनसारखा कोंदट आणि एकमार्गी झाला, तर बिटांकडे पाहूच नये. त्या हेडफोनचा मायक्रोफोन कोणत्या तरी प्रोग्रॅमने चालू केला की संगणक संगीताची ए२डीपी पद्धत सोडून हँड्स-फ्री पद्धतीकडे वळतो आणि त्या पद्धतीत सॅम्पल रेट (लहर दर सेकंदाला किती वेळा मोजली जाते तो दर) बहुधा ८ किंवा १६ किलोहर्ट्झच असतो. बैठकीच्या प्रोग्रॅममध्ये मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा मायक्रोफोन निवडला की बहुतेक वेळा आवाज पूर्ववत होतो.

इतके सगळे वजा केल्यावर जो प्रकार उरतो तो खरा बिटांचा, आणि मुख्यतः त्याच्यासाठीच हे लिहीत आहे. याची खूण अशी की, खरखर हळू भागाला चिकटून येते, स्वराबरोबर तिचा पोत बदलतो, स्वर विरत जातो तशी ती अधिक खडबडीत होते आणि स्वर संपला की तीही नाहीशी होते. साधा गोंगाट स्वराशी संबंध न ठेवता एकसारखा पसरलेला असतो, तर ही खरखर स्वरातूनच जन्मते. म्हणून खरे तर तिला गोंगाट न म्हणता विरूपण म्हणायला हवे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अनेक डॅक सलग शून्ये आली की आपले निर्गम (आउटपुट) आपोआप बंद करतात, त्यामुळे साधी ॲनालॉग सुसाटसुद्धा गाणे संपताच नाहीशी होते आणि ती बिटांची खरखर असल्याचा भास होतो. खात्री करण्यासाठी पूर्ण शांततेची फाईल न वाजवता जवळजवळ न ऐकू येणारा अतिमंद स्वर असलेली फाईल वाजवावी.

अशी फाईल स्वतः तयार करणे सोपे आहे आणि प्रत्येकाने एकदा ती तयार करावी असे मला मनापासून वाटते, कारण तिच्यातून जे कळते ते वाचून कळत नाही. ॲडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ३२ बिट फ्लोटचा प्रकल्प उघडून १ किलोहर्ट्झचा साइन स्वर उणे ९० डेसिबल पातळीला तयार करावा आणि तो १६ बिटांत दोनदा निर्यात करावा, एकदा डिथर (मुद्दाम मिसळलेला सूक्ष्म गोंगाट, त्याविषयी पुढे सांगतो) बंद ठेवून आणि एकदा त्रिकोणी डिथर लावून. उणे ९० डेसिबलच्या स्वराची उंची १६ बिटांतील एका पायरीएवढीच असते. त्यामुळे डिथरविना तयार झालेल्या फाईलमध्ये लहर उणे एक, शून्य आणि अधिक एक या तीनच पायऱ्यांवर उड्या मारते आणि निर्मळ स्वराऐवजी कर्कश गुंजन ऐकू येते. डिथर लावलेल्या फाईलमध्ये मंद, एकसारख्या सुसाटीच्या आत तोच स्वर स्वच्छ ऐकू येतो. त्याही पुढे जाऊन स्वर उणे १०० डेसिबलला नेला, तर डिथरविना तो पूर्ण नाहीसा होतो, कारण पायरीच्या एक तृतीयांश उंचीची लहर जवळच्या पायरीवर नेताना शून्यच ठरते. डिथर असताना मात्र तो गोंगाटाच्या तळाशी टिकून राहतो. या चाचणीसाठी ॲम्प्लिफायरचा आवाज बराच वाढवावा लागतो, म्हणून वाढवण्यापूर्वी इतर सर्व प्रोग्रॅम बंद करावेत आणि चाचणी संपताच आवाज खाली आणावा. एखादी सूचना-घंटी त्या पातळीला वाजली तर कानाला इजा होऊ शकते.

डिथर म्हणजे पायऱ्यांवर बसवण्यापूर्वी लहरीत मुद्दाम मिसळलेला अतिसूक्ष्म गोंगाट. गोंगाट मिसळून आवाज सुधारतो हे प्रथम ऐकताना विपरीत वाटते, पण त्याचा परिणाम असा की पायऱ्यांवर बसवताना होणाऱ्या चुकीचा स्वराशी असलेला संबंध तुटतो. १९६२ मध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी चित्रांच्या सांकेतिकीकरणासाठी हे तत्त्व मांडले आणि १९८४ मध्ये व्हँडरकुय आणि लिपशिट्झ यांनी ध्वनीच्या संदर्भात ते सविस्तर सिद्ध केले. त्रिकोणी डिथरची किंमत सुमारे ४.८ डेसिबल असते, म्हणजे १६ बिटांत गोंगाट ९८ ऐवजी ९३ डेसिबल खाली राहतो. त्या बदल्यात विरूपण नाहीसे होते. माझ्या मते हा सौदा दर वेळी करावा. ज्या फाईलवर काम करताना ती २४ बिटांतून किंवा फ्लोटमधून १६ बिटांत आणली गेली आणि त्या वेळी डिथर लावला गेला नाही, त्या फाईलमधील खरखर ऐकणाऱ्याच्या संगणकावर २४ बिट निवडून जात नाही, कारण ती फाईलमध्येच कोरलेली असते. १६ बिटांच्या फाईलचे २४ बिटांत रूपांतर केल्यानेही काही साधत नाही. खाली ८ शून्ये जोडली जातात इतकेच.

फाईल निर्दोष असूनही संगणकातच बिट गमावले जातात, ते बहुधा आवाजाच्या पट्ट्यांमुळे. डिजिटल आवाजपट्टी प्रत्येक नमुन्याला एका आकड्याने गुणते आणि ६ डेसिबल कमी केले की साधारण एक बिट खर्ची पडतो. एक पट्टी प्लेअरमध्ये, एक ब्राउझरमध्ये, एक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आणि कधी आणखी एक यूएसबी उपकरणात, अशा पट्ट्या एकामागून एक असतात. सगळ्या मिळून ३६ डेसिबल कमी झाले आणि निर्गम १६ बिटांचा असला, तर संगीताला जेमतेम १० बिट उरतात आणि मग ॲम्प्लिफायर वाढवून ती तूट भरली की गोंगाटही तितकाच वर येतो. निर्गम २४ बिटांचा असेल तर १६ बिटांच्या फाईलसाठी खाली ८ बिटांची, म्हणजे सुमारे ४८ डेसिबलची, मोकळी जागा असते आणि तेवढे कमी करूनही मूळ माहिती शाबूत राहते, जरी डॅकचा स्वतःचा गोंगाट आपल्या जागी कायम असतो. २४ बिट निवडण्याचा खरा फायदा येथे आहे, आणि हे कळले की २४ बिट निवडूनही कधी फरक का पडतो आणि कधी का पडत नाही, याचाही उलगडा होतो. पट्ट्यांची घडी अशी बसवावी की संगणकातील सर्व पट्ट्या कमालीच्या जवळ राहतील आणि रोजचा चढउतार ॲम्प्लिफायरच्या बटनाने होईल. इक्वलायझर वापरणाऱ्यांनी मात्र वर सांगितल्याप्रमाणे काही डेसिबल मोकळे ठेवावेत.

विंडोजमध्ये उपकरणाच्या गुणधर्मांतील डिफॉल्ट फॉरमॅट येथे बिट डेप्थ आणि सॅम्पल रेट एकत्रच निवडले जातात, आणि व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत सर्व प्रोग्रॅमचे आवाज आधी त्या दराला आणून, फ्लोटमध्ये मिसळून, मग उपकरणाकडे पाठवले जातात. मॅकवर हेच काम ऑडिओ मिडी सेटअपमध्ये होते. लिनक्सवर पल्सऑडिओ ही ध्वनिव्यवस्था असेल तर तिचा मूळ फॉरमॅट १६ बिट असतो, त्यामुळे तेथे तो संरचना-फाईलमध्ये बदलावा लागतो. विंडोजवरील एखादा प्लेअर वासापी या विंडोजच्या ध्वनिमार्गाच्या एक्सक्लुझिव्ह पद्धतीने वाजवला तर मिश्रणाची ही पायरी वगळली जाते. दोष मिश्रणात आहे की त्यापुढे, हे ठरवण्यासाठी ही पद्धत फार उपयोगी पडते, मग रोज ती वापरली नाही तरी चालते.

ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी बिट डेप्थचे महत्त्व ऐकणाऱ्यांपेक्षा निश्चितच अधिक आहे. १६ बिटांत मुद्रण करताना सर्वोच्च पातळी उणे ३० डेसिबलच राहिली आणि नंतर ती ३० डेसिबलने उचलली, तर गोंगाटही तितकाच उचलला जातो. २४ बिटांत मात्र सर्वोच्च पातळी उणे १२ ते उणे १८ डेसिबल ठेवून निर्धास्तपणे मुद्रण करता येते, क्लिपिंगची धास्तीही राहत नाही. तरीही शांत खोलीतला पार्श्वध्वनी (हवेतील आवाजाच्या मापात) ३० डेसिबलच्या आसपास असतोच आणि मायक्रोफोनच्या प्रीॲम्पचा गोंगाट त्यात मिसळतो, म्हणून मुद्रणातली सुसाट बहुतेक वेळा खोलीची किंवा प्रीॲम्पची निघते. विंडोजवर ॲडॅसिटीत २४ बिटांचे मुद्रण हवे असेल तर एमएमई या जुन्या ध्वनिमार्गाऐवजी वासापी निवडावे. आणि मायक्रोफोनच जर १६ बिटांचा असेल, जसे अनेक यूएसबी मायक्रोफोन असतात, तर सेटिंगमधला मोठा आकडा त्याला अधिक माहिती देऊ शकत नाही.

सर्व काही नीट लावल्यानंतरही तक्रार परत येते, ती बहुधा सेटिंग परत फिरल्यामुळे. ड्रायव्हर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत झाली की डिफॉल्ट फॉरमॅट पूर्वपदावर जाऊ शकतो आणि बंद केलेल्या सुधारणा पुन्हा चालू होऊ शकतात. यूएसबी डॅक दुसऱ्या पोर्टात लावला तर विंडोज काही वेळा त्याला नवेच उपकरण मानते आणि त्याची निवड नव्याने करावी लागते. वर सांगितलेल्या उणे ९० डेसिबलच्या दोन्ही फाईल यासाठी जपून ठेवाव्यात आणि सर्व सेटिंग योग्य असताना त्या कशा ऐकू येतात हे एकदा लक्षपूर्वक ऐकून ठेवावे. पुढे खरखर परतली की प्रथम त्याच वाजवाव्यात: डिथर लावलेला स्वरही गुंजन करू लागला असेल तर फॉरमॅट, आवाजपट्ट्या आणि सुधारणा तपासाव्यात, दोन्ही फाईल पूर्वीसारख्याच ऐकू येत असतील तर संगणकाच्या सेटिंगला हात न लावता तारा, जॅक आणि अर्थिंग यांच्याकडे वळावे.